देहू ते व्हेनिस आणि परत : चित्रपटमहोत्सवाच्या प्रेक्षकाची कथा



उन्हाळ्याच्या दिवसांत संध्याकाळी घरातली कामे आटोपून, एखाद्या वक्त्याचे चार शब्द ऐकण्यासाठी आपण येथे जमतो, ही गोष्ट आता आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही नवल आहे असे आपणांस वाटत नाही. परंतु न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा प्रारंभ केला, तेव्हा ती नवलाचीच गोष्ट होती. कीर्तनाला लोक जमत, जत्रेला जमत, लग्नकार्याला जमत. पण केवळ विचार ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी यावे, असा श्रोता तोपर्यंत घडलेला नव्हता. व्याख्यानमालेने व्याख्याते घडविले, हे खरेच आहे. पण तिचे मोठे कार्य कोणते असेल तर तिने श्रोता घडविला, हे होय.

आज माझ्यापुढे जो विषय आहे तो ह्याच्या जवळचाच आहे. अलीकडे गावोगावी चित्रपटमहोत्सव भरू लागले आहेत. त्यांतही ज्यांना 'स्वतंत्र चित्रपट' म्हणतात, म्हणजे मोठ्या भांडवलावाचून आणि बड्या तारकांवाचून तयार झालेले चित्रपट, त्यांचे छोटे छोटे महोत्सव कोठे महाविद्यालयाच्या सभागृहात, तर कोठे नगरवाचनालयात होत असतात. असा महोत्सव पाहावयास आपण का जावे, तेथे जाऊन काय करावे, आणि मुळात ही प्रथा आली कोठून, ह्या तीन प्रश्नांचा इतिहासाच्या अंगाने विचार करावा असे मी योजिले आहे. आपणांपैकी कित्येकांना वाटेल की देहूरोडसारख्या ठिकाणी ह्या विषयाचे प्रयोजन काय? येथे लष्कराची कोठारे, रेल्वेचे स्थानक, आजूबाजूला पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेले कारखाने. चित्रपटमहोत्सव ही पुण्या-मुंबईची चैन! मला वाटते, वस्तुस्थिती ह्याच्या अगदी उलट आहे. महाराष्ट्राने जगातल्या चित्रपटमहोत्सवात पहिले ठळक पाऊल टाकले ते ह्या आपल्या इंद्रायणीकाठचीच कथा घेऊन. ते कसे, हे सांगण्यापूर्वी थोडे मागे गेले पाहिजे.

मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलत्चित्रांचा खेळ झाला आणि हिंदुस्थानात चित्रपट आला. त्यानंतर तीनच वर्षांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना सावेदादा म्हणून ओळखतात, त्यांनी मुंबईत एका कुस्तीचे चित्रण केले. पुढे १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून यशस्वी होऊन परत आले, त्या स्वागताचेही चित्रण त्यांनी केले. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके ह्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला, आणि मग गावोगावच्या तंबूंतून, जत्रांतून हा पडद्यावरचा चमत्कार लोकांनी पाहिला.

ह्या काळातला प्रेक्षक कसा होता? तो कुतूहलाने भारलेला होता, भाविक होता, उदारही होता. परंतु त्याच्या हाती निवड नव्हती. तंबूवाला जे आणील ते पाहावयाचे. बरे वाटले तर टाळी वाजवावयाची, न वाटले तर उठून जावयाचे. जत्रा आणि महोत्सव ह्यांत जर काही भेद असेल तर तो हाच आहे. जत्रेत माणूस गर्दीबरोबर जातो. महोत्सवात तो काहीतरी निवडून जातो, आणि आपण ते का निवडले ह्याचे उत्तर द्यावयास तयार असतो.

आता 'संत तुकाराम'कडे वळू. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी असे तिचे पाच भागीदार. १९३३ साली ही कंपनी पुण्यास एरंडवण्यात आली. दामले हे ध्वनिमुद्रणातले जाणकार, तर फत्तेलाल रंगरेषेचे आणि नेपथ्याचे. ह्या दोघांनी मिळून १९३६ साली 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. कथा-संवाद शिवराम वाशीकर ह्यांचे, संगीत केशवराव भोळे ह्यांचे, तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस आणि जिजाई झाल्या गौरी. ह्या चित्रपटासाठी शांताराम आठवले ह्यांनी लिहिलेले एक पद लोकांना इतके अस्सल वाटले की ते प्रत्यक्ष तुकोबांचाच अभंग आहे अशी अनेकांची समजूत झाली. कवीला ह्याहून मोठी पावती ती कोणती?

तुकोबांवर ह्याआधी मूकपटही निघाले होते. मग ह्याच चित्रपटात असे काय होते? मला वाटते, ह्यात देहू होते. चमत्कार ह्या चित्रपटातही आहेत, विमान आहे, इंद्रायणीने परत दिलेल्या वह्या आहेत. पण चमत्कारांच्या भोवती जे गाव आहे ते खरे आहे. भुकेलेली मुले, गोठ्यातली म्हैस, दळण, कर्जाची टोचणी, आणि ह्या सगळ्याचा भार वाहणारी, नवऱ्यावर रागावणारी आणि त्याच्यावाचून क्षणभरही न राहू शकणारी जिजाई. संताच्या महतीची कथा सांगताना त्याच्या बायकोची बाजू ज्या प्रामाणिकपणे ह्या चित्रपटाने मांडली, तितकी ती फार थोड्यांनी मांडली असेल. तुकाराम आकाशाकडे पाहतो आणि जिजाई चुलीकडे. दोघांपैकी कोणीही खोटे नाही. ह्या दोन सत्यांचा तोल हीच त्या चित्रपटाची खरी कला होय. भाविकाला त्यात देव दिसला आणि रसिकाला माणूस दिसला. मुंबईत तो सलग ५७ आठवडे चालला.

आता समुद्रापलीकडे काय चालले होते ते पाहू. जगातला पहिला चित्रपटमहोत्सव १९३२ साली इटलीत व्हेनिस येथे भरला. लिडो बेटावरच्या एका हॉटेलच्या गच्चीवर उघड्या आकाशाखाली चित्रपट दाखविले गेले. त्या पहिल्या वर्षी परीक्षकमंडळाची पारितोषिके नव्हती. आलेल्या प्रेक्षकांचीच मते घेतली गेली. म्हणजे चित्रपटमहोत्सवाच्या इतिहासात पहिला परीक्षक हा प्रेक्षकच होता, ही गोष्ट आपण विसरू नये. पुढे मात्र तेथे सरकार शिरले. इटलीत मुसोलिनीची सत्ता होती आणि मुख्य पारितोषिकास त्याचेच नाव देण्यात आले.

ह्या व्हेनिसच्या महोत्सवात १९३४ साली देवकी बोस ह्यांचा 'सीता' गेला होता. १९३७ साली तेथे आपला 'संत तुकाराम' गेला आणि त्याचा गौरवपूर्वक विशेष उल्लेख झाला. आपल्याकडे हे सांगताना अनेकदा असे म्हटले जाते की जगातल्या तीन सर्वश्रेष्ठ चित्रपटांत त्याची निवड झाली. अभिमानाच्या भरात असे बोलले जाते, पण इतिहास थोडा मोजून मापून सांगावा. त्या वर्षी परदेशी चित्रपटासाठीचा मुसोलिनी-चषक ज्युलियन द्युव्हिव्हिए ह्या फ्रेंच दिग्दर्शकाच्या चित्रपटास मिळाला. त्याच वर्षी तेथे झाँ रेन्वार ह्याचा 'ला ग्राँद इल्यूझिओं' हा युद्धविरोधी चित्रपटही होता, ज्याची गणना आज जगातील अभिजात कृतींत होते. आणि त्याला मुख्य पारितोषिक नव्हे, तर दुसरे एक पारितोषिक देण्यात आले. ह्या पंगतीत देहूच्या वाण्याची कथा बसली, एवढे सांगितले तरी पुरेसे आहे. त्यासाठी खोट्या दागिन्याची गरज नाही.

पुढच्याच वर्षी, १९३८ साली, मुसोलिनी-चषक राजकीय दडपणाने दिले गेले. तेव्हा फ्रेंच आणि ब्रिटिश मंडळी संतापून बाहेर पडली, आणि त्या संतापातून फ्रान्समध्ये कान येथे नवा महोत्सव भरविण्याचे ठरले. तो १९३९ च्या सप्टेंबरात व्हावयाचा होता. त्याच वेळी महायुद्ध पेटले आणि कानचा महोत्सव खऱ्या अर्थाने भरला तो १९४६ साली. त्या वर्षी सर्वोच्च पारितोषिक अनेक चित्रपटांना वाटून देण्यात आले, आणि त्यांत चेतन आनंद ह्यांचा 'नीचा नगर' होता. ह्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. महोत्सव म्हणजे नुसता आनंदसोहळा नव्हे. कोणी काय पाहावे आणि कशास चांगले म्हणावे, ह्यावर कोणाची सत्ता असावी हा झगडा त्याच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहे. मुसोलिनी गेला, त्याचा चषक गेला. 'संत तुकाराम' मात्र राहिला. त्या गौरवाचे प्रशस्तिपत्रसुद्धा मध्यंतरी बरीच वर्षे गहाळ झाले होते आणि २००४ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात येऊन पोहोचले. कागद हरवला तरी चित्रपट हरवला नव्हता, कारण तो लोकांच्या डोळ्यांत होता.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपटमहोत्सव २४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईस न्यू एम्पायर चित्रगृहात सुरू झाला. नंतर तो मद्रास, दिल्ली, कलकत्ता अशा शहरांत गेला. सुमारे ४० कथापट आणि १०० लघुपट त्यात होते. इटलीच्या डी सिका ह्याचा 'बायसिकल थीव्ह्ज' त्यात दाखविला गेला. युद्धाने खंगलेल्या रोममध्ये एका कामगाराची सायकल चोरीस जाते, आणि सायकल गेली म्हणजे काम गेले. एवढीच ती कथा. हिंदी चित्रपटांच्या भपक्याला सरावलेल्या आपल्या दिग्दर्शकांना तिने खडबडून जागे केले. पुढच्याच वर्षी बिमल रॉय ह्यांचा 'दो बिघा जमीन' आला, आणि त्यावर ह्या इटालियन चित्रपटांचा ठसा स्पष्ट दिसतो.

सायकलीवरून कामावर जाणाऱ्या माणसाची कथा! चिंचवड-आकुर्डीच्या रस्त्याने पुढे कित्येक वर्षे पाळी बदलण्याच्या वेळी सायकलींचे लोंढे वाहत असत. त्या लोकांना ही कथा परकी वाटली असती काय? मुळीच नाही. किंबहुना मलबार हिलवर राहणाऱ्या माणसापेक्षा ती त्यांना अधिक समजली असती. पण १९५२ चा महोत्सव त्यांच्यापर्यंत आला नाही. तो कलावंतांसाठी क्रांती ठरला, कामगारासाठी ती केवळ वर्तमानपत्रातली बातमी राहिली.

ह्याच सुमारास आपले देहूरोड कसे होते ते आठवावे. दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेतून येथे लष्करी सामानाची कोठारे उभी राहिली. त्यांच्या कामावर पंजाबपासून मद्रासपर्यंतची माणसे आली आणि येथेच राहिली. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. धर्मांतराच्या ऐतिहासिक सोहळ्यापूर्वी जवळजवळ दोन वर्षे. एकीकडे तुकोबांचे देहू, दुसरीकडे बुद्धविहार, मध्ये लष्कराची वसाहत आणि रेल्वेचा रूळ. इतक्या भाषांची आणि इतक्या श्रद्धांची माणसे एका गावात नांदत असताना, एकमेकांचे आयुष्य समजून घेण्याचे साधन म्हणून चित्रपटाहून सोपे दुसरे काय असणार? ज्याला मराठी वाचता येत नाही त्यालाही जिजाईचा राग समजतो, आणि ज्याला बंगालीचा गंध नाही त्यालाही 'पथेर पांचाली'मधल्या इंदिर ठाकरूणची उपासमार समजते.

महोत्सव कामगारापर्यंत आला नाही. परंतु महोत्सवाचे बीज लहान गावापर्यंत नेण्याचे काम दुसऱ्या एका चळवळीने केले. तिचे नाव चित्रपट-मंडळ, ज्यास लोक फिल्म सोसायटी म्हणतात. लंडनमध्ये १९२५ साली अशी पहिली मोठी संस्था निघाली. कलकत्त्यात १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. १९५९ साली अशा संस्थांचा अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि त्याचे अध्यक्षपद राय ह्यांच्याकडे आले. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ निघाले; त्याचे नाव ऐकताच आपल्या पुण्याच्या कंपनीची आठवण होते. पुण्यात १९८५ साली आशय फिल्म क्लब सुरू झाला.

दरम्यान पुण्यात आणखी एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. प्रभात कंपनी १९५३ साली बंद पडली. तिच्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. जेथे देहूचा देखावा उभारला गेला, तेथेच साऱ्या देशाच्या चित्रपटांचे भांडार आणि विद्यापीठ व्हावे, हा योगायोग सुंदर आहे. संग्रहालयाचे पी. के. नायर ह्यांनी फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले तुकडे शोधून काढले, देशोदेशीच्या उत्तम चित्रपटांच्या प्रती जमविल्या आणि त्या कुलुपात न ठेवता चित्रपट-मंडळांना पाहावयास दिल्या. इन्स्टिट्यूटमधील प्राध्यापक सतीश बहादुर ह्यांनी चित्रपट कसा पाहावा ह्याचे शिक्षण देण्यास आयुष्य वाहिले. कर्नाटकातल्या हेग्गोडु ह्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा ह्यांच्या नीनासम् संस्थेने शेतकऱ्यांना राय आणि डी सिका ह्यांचे चित्रपट दाखविले. त्या उपक्रमास पुण्याच्या ह्या दोघांचे साह्य होते. खेडुताला असले चित्रपट कळावयाचे नाहीत, असे मानणाऱ्या शहाण्यांना हेग्गोडुने परस्पर उत्तर दिले.

ह्या मंडळांचे काम चाले तरी कसे? वर्षाची थोडी वर्गणी घ्यावयाची. पत्र्याच्या डब्यातून चित्रपटाच्या रिळा रेल्वेने यावयाच्या. कोणी सोळा मिलिमीटरचे यंत्र मिळवावयाचे, कोणी सभागृह, कोणी पडदा. मध्येच रीळ संपले की दिवे लावावयाचे, नवे रीळ चढवावयाचे आणि तेवढ्यात चर्चा सुरू व्हावयाची. खेळ संपल्यावर चहा आणि वाद. ज्या माणसाने हे सारे केले असेल तो पुन्हा आयुष्यात चित्रपट नुसता वेळ घालविण्यासाठी पाहू शकत नाही. परंतु चळवळीचे दोषही सांगितले पाहिजेत. तिची भाषा बहुधा इंग्रजी राहिली. ती फिरली ती बहुतांशी प्राध्यापक, वकील, बँकेतले अधिकारी ह्यांच्या वर्तुळात. कित्येक सभासद तर केवळ कात्री न लागलेली दृश्ये पाहावयास मिळतील म्हणून येत, असा तिच्यावर आरोप होई आणि तो अगदीच निराधार नव्हता. पुढे घरोघरी दूरदर्शन आले, मग व्हिडिओ आला, आणि अनेक मंडळे हळूहळू विझली. प्रेक्षक घडला होता, पण तो पुरेसा खोल रुजला नव्हता.

ह्या विझलेल्या शेगडीतल्या निखाऱ्यांवरच आजचे महोत्सव पेटले आहेत. मुंबईचा मामी महोत्सव १९९७ पासून, तर पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपटमहोत्सव डॉ. जब्बार पटेल ह्यांच्या नेतृत्वाखाली २००२ पासून भरू लागला. कोल्हापुरात आणि मराठवाड्यातही असे महोत्सव निघाले. पुण्याच्या महोत्सवाचे काही खेळ मध्यंतरी आपल्या पिंपरी-चिंचवडकडेही झाले. त्या महोत्सवात राज्य शासनाकडून दिल्या जाणाऱ्या पारितोषिकांपैकी एकाचे नाव 'प्रभात' आहे, आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाच्या पारितोषिकाचे नाव 'संत तुकाराम' आहे. १९३७ साली व्हेनिसला गेलेले ते नाव असे पारितोषिक होऊन घरी परतले.

आणि व्हेनिसची वाटही पुन्हा उघडली. २०१४ साली चैतन्य ताम्हाणे ह्यांच्या 'कोर्ट'ला तेथे दोन पारितोषिके मिळाली. एक म्हातारा शाहीर, कनिष्ठ न्यायालयाचा संथ कारभार, आणि त्यात भरडली जाणारी माणसे. सारे पात्र साधे, न्यायालयही साधेच. २०२० साली त्यांच्याच 'द डिसायपल'ला व्हेनिसमध्ये पटकथेचे पारितोषिक लाभले. २०२५ साली रोहन कानवडे ह्यांच्या 'साबर बोंडं' ह्या मराठी चित्रपटास अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातले सर्वोच्च पारितोषिक मिळाले. नागराज मंजुळे ह्यांची वाटचालही 'पिस्तुल्या' ह्या लघुपटापासूनच सुरू झाली होती. ह्या मंडळींनी आपापल्या गावाची, आपापल्या घराची गोष्ट सांगितली. आणि 'संत तुकाराम'प्रमाणेच, जे अगदी आपले होते तेच जगाला समजले.

मग उणे कोठे आहे? उणे आपल्याकडे आहे. परदेशात मानसन्मान मिळविलेला मराठी चित्रपट आपल्या शहरात लागतो तो एखाद्या पडद्यावर, दुपारी बारा वाजता. कामावरच्या माणसाला जाणे शक्य नाही अशा वेळी. आठवड्यात तो उतरतो, आणि मग 'लोकांना असले चित्रपट नको असतात' असा निकाल दिला जातो. ज्या खेळाला लोकांना जाताच आले नाही, त्याला लोकांनी नाकारले असे म्हणणे हा कोठला न्याय?

येथे 'स्वतंत्र' ह्या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. स्वतंत्र चित्रपट म्हणजे गरीब चित्रपट नव्हे, आणि रटाळ चित्रपट तर नव्हेच. चित्रपटावर तीन बंधने असतात : पैशाचे, पडद्याचे आणि परवानगीचे. पैसा कोणाचा, चित्रगृह कोणाचे, आणि दाखवावयाची मुभा कोणाची? यंत्रे स्वस्त झाल्याने पहिले बंधन आज पुष्कळसे सैल झाले आहे. कारखान्यात काम करणारा तरुणही आज मित्रांना घेऊन लघुपट करू शकतो. दुसरे बंधन मात्र तसेच आहे, आणि ते सोडविण्यासाठीच महोत्सव आहे. तिसऱ्या बंधनाची आठवण २०१७ साली सर्वांना झाली. गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या परीक्षकांनी निवडलेले दोन चित्रपट ऐनवेळी सरकारने वगळले. त्यांपैकी एक रवी जाधव ह्यांचा मराठी 'न्यूड' होता. परीक्षकमंडळाचे प्रमुख सुजॉय घोष ह्यांनी राजीनामा दिला. व्हेनिसमध्ये १९३८ साली उभा राहिलेला प्रश्न असा आपल्या दाराशीही येऊन उभा राहतो. त्याचे उत्तर राजीनाम्याने अर्धेच मिळते. उरलेले अर्धे प्रेक्षकाने द्यावयाचे असते. कारण ज्या चित्रपटाची कोणी वाटच पाहत नाही, तो वगळला काय आणि न वगळला काय, कोणास कळणार?

ह्यावर आजचा तरुण म्हणेल, "आता सारे काही मोबाइलवर मिळते, त्यासाठी खुर्ची गाठून बसावयाचे कशाला?" प्रश्न योग्य आहे. पण अभंगांची गाथाही घराघरांत छापील मिळते; म्हणून कीर्तन बंद पडले काय? आषाढीला पालखी निघते तेव्हा विठ्ठलाचे चित्र घरी नाही म्हणून का कोणी चालू लागतो? काही गोष्टी एकट्याने कळतात आणि काही चारचौघांत कळतात. शेजारचा माणूस ज्या ठिकाणी हसला तेथे आपल्याला हसू का आले नाही, हा विचार एकट्याच्या पडद्यावर कधीच मनात येत नाही. शिवाय मोबाइलवर सारे काही मिळते हेही खरे नाही. जे पुष्कळांनी मागितले तेच मिळते. देशात सुमारे तेराशे मूकपट निर्माण झाले. त्यांतले आज पुरे-अपुरे मिळून तिसांच्या आसपासच हाती उरले आहेत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या ज्वालाग्राही फितींच्या कोठारास आग लागून आणखी कितीतरी ठेवा भस्म झाला. इंद्रायणीने तुकोबांच्या वह्या परत दिल्या असे परंपरा सांगते. अग्नी मात्र काही परत देत नाही.

तेव्हा महोत्सवास जावे, आणि जाण्याची रीतही शिकून घ्यावी. कार्यक्रमपत्रिका आधी वाचावी आणि दिवसातून दोन-तीनच चित्रपट निवडावेत. पंगतीत वाढलेले सारे पदार्थ खाल्लेच पाहिजेत असे नाही. एक चित्रपट आपल्या भाषेतला पाहावा आणि एक ज्या देशाचे नावही आपण फारसे ऐकले नाही अशा देशातला. पहिल्या दहा मिनिटांत कंटाळा आला म्हणून उठू नये. संथ लयीची सवय होण्यास कानाला जसा, तसा डोळ्यालाही वेळ लागतो. संपल्यावर दिग्दर्शक समोर असेल तर त्याला प्रश्न विचारावा, आणि चित्रपट आवडला नसेल तर तेही सभ्यपणे सांगावे. नवशिक्याला खोट्या स्तुतीपेक्षा खऱ्या नापसंतीचा उपयोग अधिक होतो. आणि मुलांना बरोबर न्यावे.

ह्याहून पुढची गोष्ट म्हणजे आपल्याच गावी असा महोत्सव भरवावा. त्यासाठी लाल गालिचा लागत नाही. एक सभागृह, एक बऱ्यापैकी पडदा, नीट ऐकू येईल असा आवाज, दोन दिवस आणि दोनशे माणसे एवढे पुरे. खेळाची वेळ कारखान्याची पहिली पाळी सुटल्यानंतरची ठेवावी. लोकलने येणाऱ्याला परतीची गाडी मिळेल असा शेवटचा खेळ संपवावा. एका संध्याकाळी 'संत तुकाराम' दाखवावा, आणि त्याच्या मागोमाग ह्या पट्ट्यातल्या तरुणांनी केलेले लघुपट. त्यांत तमिळ बोलणाऱ्या घरातला मुलगा असेल, विहाराजवळच्या वस्तीतली मुलगी असेल, चाकणला कंत्राटी कामावर आलेला एखादा परप्रांतीयही असेल. त्यांची गोष्ट त्यांच्या शेजाऱ्यांनी आधी पाहिली पाहिजे. मग ती व्हेनिसला गेली तर आनंदच आहे, न गेली तरी ती वाया गेली असे होणार नाही.

शंभराहून अधिक वर्षांचा हा इतिहास पाहिला तर एक गोष्ट वारंवार दिसते. चित्रपट करणारी माणसे आपल्याकडे प्रत्येक पिढीत निघाली : भाटवडेकर निघाले, फाळके निघाले, दामले-फत्तेलाल निघाले, आजही निघत आहेत. त्यांची उणीव आपल्याला कधी भासली नाही. उणीव भासली ती त्यांचे काम नीट पाहणाऱ्याची, जपणाऱ्याची आणि पुढच्याला सांगणाऱ्याची. ते काम कोणी सरकार करणार नाही आणि कोणी धनिक करणार नाही. तिकिटाच्या खिडकीपुढे नव्हे, तर अशा सभागृहात सतरंजीवर बसणाऱ्या माणसांनीच ते करावयाचे आहे. व्याख्यानमालेने ज्यांना ऐकावयास शिकविले, त्यांना पाहावयास शिकणे मुळीच अवघड नाही.